शेगडी चांगली, पण तिच्या पोटाला काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हिशेबाच्या वहीवर सही करणे आणि कोजागरीला दूध आटवणे. आज मी आपल्यापुढे उभी आहे ती एका शेगडीमुळे. तेव्हा बोलणे फार रंगले नाही तर दोष माझा समजावा, शेगडीचा नव्हे.

गेल्या वर्धापनदिनाच्या सभेतला तो ठराव पुष्कळजणींना आठवत असेल. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आपल्याजवळ काही रक्कम शिल्लक पडली होती. तिचे काय करावे यावर चर्चा चालली असता एका भगिनीने सुचविले की, बाजारात हल्ली पेलेटवर चालणारी शेगडी आली आहे. तिला धूर जवळजवळ नसतो. आपल्या भागात घरकामाला येणाऱ्या ज्या बायका अजून लाकडावर रांधतात, त्यांपैकी दहाजणींना अशा दहा शेगड्या द्याव्यात. सूचना चांगली होती. टाळ्या पडल्या. तेवढ्यात आपल्या एक वयोवृद्ध सभासद उठल्या आणि म्हणाल्या, "दुसरीच्या चुलीचा निर्णय टाळ्या वाजवून घेऊ नये. आपल्यातल्या एकीने ती शेगडी वर्षभर घरात वापरावी, सगळे ऋतू बघावेत आणि मग सांगावे." सभा गप्प झाली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण आमच्या घराला गच्ची आहे.

अशा रीतीने पौष महिन्यात ३,५०० रुपये देऊन एक शेगडी मी माझ्या पैशाने घेतली. आज तिला जवळजवळ वर्ष झाले. त्या वर्षाचा हा हिशेब आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातला काडीकचरा वाळवून, दळून, यंत्रात दाबून केलेल्या लहान कांड्या. जाडीला ६ ते ८ मिलिमीटर, लांबीला बोटाच्या पेरापेक्षा थोड्या जास्त. फळ्यावर लिहिताना खडू मोडावा आणि त्याचे तुकडे पडावेत, तशा त्या दिसतात. रंग मात्र खाकी. त्यांत डिंक किंवा खळ घालावी लागत नाही. लाकडातच लिग्निन नावाचे द्रव्य असते. यंत्राच्या दाबाने आणि उष्णतेने ते मऊ होते, भुशाला धरून ठेवते आणि गार झाले की घट्ट होते.

शेगडी म्हणजे एक लोखंडी डबा. मध्ये कांड्या भरावयाची विहीर, खाली एक लहान पंखा, वर भांडे ठेवण्यास तिवई आणि भाजण्यासाठी एक जाळी. पंखा विजेच्या बॅटरीवर चालतो. मोबाईलप्रमाणे ती भरून ठेवावी लागते. सगळी करामत या पंख्याची आहे. लाकूड तापले की आधी त्यातून वायू निघतो आणि मग तो वायू पेटतो. आपल्या साध्या चुलीत त्याला पुरेशी हवा मिळत नाही. जो वायू जळावयाचा राहतो, त्याचाच धूर होतो. या शेगडीत पंखा थोडी हवा खालून देतो आणि बरीचशी हवा वरच्या भोकांतून आत सोडतो. त्यामुळे वायू वर येता येताच जळून जातो. आपल्या आयाआज्यांनी फुंकणीने जे काम फुप्फुसांवर केले, तेच काम हा पंखा करतो.

माझी भाची अमेरिकेत असते. तिला मी हौसेने फोनवर शेगडीचे वर्णन केले, तर ती म्हणाली, "मावशी, आमच्या अंगणात असलंच मोठं आहे." तिकडे पेलेटवर मांस आणि भाज्या भाजण्याचे मोठे ग्रिल असते. ऑरेगन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी ते बनविले आणि १९८६ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात विजेवर फिरणारा एक लोखंडी स्क्रू लागतील तशा कांड्या आपणहून पुढे ढकलतो, आणि भट्टीसारखे तापमान ठरवून देता येते. तिच्याकडे ती सुटीच्या दिवसाची मौज आहे. आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो रोजच्या भाकरीचा आहे. यंत्राची जात एकच, पण घर वेगळे. म्हणून परीक्षाही वेगळी.

आता अनुभव. पहिला दिवस फजितीचा होता. विहीर काठोकाठ भरली, वर रॉकेलऐवजी तूप लावलेली वात ठेवली, आणि वात धरते न धरते तोच पंखा पूर्ण जोरात लावला. वात विझली. पुन्हा पेटविली, पुन्हा विझली. तिसऱ्या वेळी कांड्या नुसत्या धुमसल्या आणि एवढा धूर झाला की, शेजारच्या काकूंनी खालून विचारले, "होळी आज आहे का हो?" पुढे युक्ती कळली. विहीर वरून दोन बोटे रिकामी ठेवावी, वरच्या थरावर थोड्या वाळलेल्या काड्या पसराव्यात, त्या चांगल्या धरेपर्यंत पंखा बंद ठेवावा आणि मग हळूहळू वाढवावा. चार-पाच मिनिटांत निळसर-पिवळी सरळ ज्योत उभी राहते. ती एकदा लागली की, भांड्याच्या बुडाला काजळी फारच थोडी धरते, आणि डोळ्यांत पाणी येत नाही. एका भरणीत साधारण ६०० ग्रॅम कांड्या बसतात आणि पाऊण तास ते पन्नास मिनिटे जाळ टिकतो.

हिवाळा होता, म्हणून पहिला मान भरताचा. कॉटन मार्केटमधून मोठी हिरवी वांगी आणली, तेलाचा हात लावून जाळीवर ठेवली. गॅसवर वांगे भाजले की साल जळते, पण देठापाशी ते कच्चे राहते, हे आपण सर्वजणी जाणतो. इथे ज्योत संपत आल्यावर जो निखारा उरतो, त्यावर दहा मिनिटे वांगे फिरवीत ठेवले की देठापर्यंत लोण्यासारखे होते. कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून ते भरीत मी आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणले होते. ते कशावर भाजले हे कोणी विचारले नाही. पातेले मात्र रिकामे परत आले.

शेतात पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना मी खरे ते सांगते. ती चव पूर्ण येत नाही. धूर कमी म्हणजे धुराचा वासही कमी. ज्या गुणासाठी शेगडी घ्यावयाची, त्याच गुणामुळे भरीत थोडे सौम्य होते. मला स्वतःला हा सौदा मान्य आहे. सासूबाईंच्या डोळ्यांतले पाणी मी पंचवीस वर्षे पाहिले आहे. भरताची चव चार आणे कमी झाली तर माझी तक्रार नाही.

रोडगे करून पाहिले. जाड कणकेचे रोडगे ज्योतीवर ठेवू नयेत; बाहेरून करपतात, आत पीठ राहते. भरणी जळून निखारा झाला की पंखा बंद करावा, जाळीवर रोडगे मांडावेत, वर पातेले उपडे झाकावे आणि उलटत राहावे. गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजलेल्या रोडग्यासारखा तो फुटत नाही, पण तूप पिण्याइतका खुसखुशीत होतो. मक्याची कणसे, रताळी, पापड उत्तम. ज्वारीची भाकरी उत्तम. तव्यावरून उतरवून जाळीवर टाकली की टम्म फुगते. वरण-भात ठीक. पुरणपोळी मात्र करू नये. हा जाळ गॅससारखा बारीक होत नाही. होळीला माझ्या तीन पोळ्या काळ्या झाल्या, आणि चौथी मी मुकाट्याने गॅसवर केली.

आता दोष सांगते. गुण विकणारा सांगतोच. दोष मात्र आपणच आपल्याला सांगावे लागतात.

पहिला दोष असा की, जाळ मधेच थांबविता येत नाही. पाहुणे आले नाहीत, बेत बदलला, तरी भरलेल्या कांड्या जळूनच जातात. दुसरा, स्वयंपाक लांबला आणि भरणी संपली तर भांडे उतरवून पुन्हा भरावे लागते. वरून मूठभर टाकले तर क्षणभर धूर होतो. तिसरा, बॅटरी. ती भरावयास विसरले की शेगडी म्हणजे एक लोखंडी डबाच. चौथा दोष पावसाळ्याचा. कांड्यांचा पाण्याशी उभा दावा आहे. आषाढात माझे एक पोते गच्चीच्या जिन्यात राहिले. एका रात्रीच्या ओलीने कांड्या फुगल्या आणि सकाळी पोत्यात नुसता भुसा होता. तेव्हापासून मी त्या झाकणाच्या पिंपात ठेवते.

पाचवी गोष्ट दोष म्हणून नव्हे, तर बजावून सांगते. धूर दिसत नाही म्हणून ही शेगडी दार लावलेल्या खोलीत कधीही ठेवू नये. नागपूरच्या थंडीत निखाऱ्याची शेगडी आत घेऊन शेकत बसण्याची आपल्याकडे सवय आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणसाचा घात करतो. ही शेगडी अंगणात, ओसरीवर, गच्चीवर किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळणाऱ्या स्वयंपाकघरातच वापरावी.

एवढे सांगून मी थांबले असते, तर आपण म्हणाला असता की, शेगडीचे दोष सांभाळण्यासारखे आहेत, दहा घेऊ. वैशाखापर्यंत माझेही मत तेच होते. पण आपल्या वृद्ध भगिनींचे शब्द मनात होते. शेगडी माझ्यासाठी नव्हती. ज्यांच्यासाठी होती त्यांच्या घरी ती गेलीच नव्हती. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी ती मी आमच्या कामाच्या मावशींना दिली आणि सोबत एक भरलेले पोतेही दिले. मावशींचे घर पाच माणसांचे. त्यांच्याकडे गॅस आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून मिळालेला. पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरतात. चहा, पाहुणे, आजारपण एवढ्यापुरता. भाकरी, भाजी आणि अंघोळीचे पाणी दाराबाहेरच्या चुलीवर. पावसाळ्यात लाकूड ओले असते आणि ती चूल घरात येते.

पहिला महिना त्या खूष होत्या. पोरीचा खोकला कमी वाटतो म्हणाल्या. रोज दीड ते पावणेदोन किलो कांड्या लागत. म्हणजे महिन्याला सुमारे ५० किलो. पोते संपले, मी दुसरे दिले. त्यानंतर अडचण सुरू झाली. ज्या दुकानातून मी कांड्या घेत असे, तिथे पौषात किलोला १६ रुपये भाव होता, होळीला १९ झाला, आणि आषाढात २४. श्रावणात दुकानदाराने सांगितले की, आता लहान पोती ठेवणे बंद केले, गिऱ्हाईक नाही. मी आणखी दोन ठिकाणी विचारले. एकाने टनाचा भाव सांगितला, दुसऱ्याने कारखान्याचे नाव विचारले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मावशींनी शेगडी घासूनपुसून, फडक्यात बांधून परत आणली. मी म्हटले, "मावशी, आवडली नाही का?" त्या म्हणाल्या, "चूल ब्येस आहे जी ताई. भाकर झाक होते. पन रोज तिच्या पोटाले घालू काय? लाकूड मी येता येता उचलून आनतो. गोया कोन देईन?"

भगिनींनो, वर्षभरात मी जे शिकले ते सगळे या एका प्रश्नात आहे. शेगडी एकदाच विकत घ्यावयाची असते. तिचे इंधन रोज. आपण भेट देतो तेव्हा वस्तू देतो आणि फोटो काढतो. तिचे पोट भरण्याचे काम मात्र घेणारीच्या पदरात टाकून येतो.

ही चूक आपल्याच हातून होणार होती असे नाही. आपल्यापासून जवळच, वर्ध्याला, मगनवाडीत १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. तिथे १९४० च्या दशकात मगन चूल तयार झाली. धूर घराबाहेर नेणारी चूल ती. स्वयंपाकघरातल्या बाईचा विचार देशाच्या कामात करावा, हे त्या चुलीने दाखविले. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. लाखो चुली बसल्या, पण पुष्कळ ठिकाणी धुराडे तुंबले की साफ करणारा नव्हता, चूल फुटली की बांधून देणारा नव्हता, आणि बाईच्या भांड्याचे माप कोणी विचारले नव्हते. तिने मुकाट्याने आपली जुनी चूल पुन्हा मांडली.

पेलेटच्या शेगडीचीही अशी एक कहाणी महाराष्ट्रात घडून गेली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर आधारलेली 'ऊर्जा' नावाची पंख्याची शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने ते काम चालविले. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून चार लाखांहून अधिक शेगड्या विकल्या गेल्या. लहानसहान गोष्ट नव्हे ही. शेगडी बायकांना आवडली होती. पण तिच्या गोळ्या शेतातल्या काडीकचऱ्यापासून होत. त्या कच्च्या मालाला कारखान्यांच्या भट्ट्यांकडूनही मागणी आली, भाव चढला, गोळ्यांची किंमत वाढली, आणि घरोघरच्या शेगड्या हळूहळू माळ्यावर गेल्या. कंपनी पुढे हॉटेले आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. म्हणजे मावशींचा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही; तो आपल्याआधी लाखो घरांत विचारला गेला आहे.

आणि गंमत अशी की, ज्या वस्तूवाचून मावशींची शेगडी उपाशी राहिली, ती आपल्या विदर्भात वाया जाते. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. हेक्टरी साधारण २ ते ३ टन. थोडी सरपणाला जाते, बाकीची शेतकरी धुऱ्यावर जाळतो. ती शेतात फार दिवस उभी ठेवणेही बरे नव्हे, कारण गुलाबी बोंडअळीला तिच्यात आसरा मिळतो. २०१७ साली त्या अळीने आपल्या भागात काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्याच नागपुरात, अमरावती रोडवर, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. मूळ संस्था मुंबईची, १९२४ सालची. या केंद्रात पऱ्हाटीपासून इंधनाच्या विटा आणि पेलेट करण्याचे काम झाले आहे. म्हणजे माल आहे, विद्या आहे, यंत्रेही आहेत. पण कांड्या करणाऱ्याला एकाच खेपेला ट्रक भरून घेणारे गिऱ्हाईक हवे असते. २०२१ साली केंद्र सरकारने कोळशाच्या वीज केंद्रांतही कोळशाबरोबर अशा कांड्या जाळण्याचे धोरण ठरविले. धोरण चांगलेच आहे. शेतात जळणारा कचरा कामी येतो. पण वीज केंद्रापुढे पाच किलो मागणाऱ्या मावशींना कोण विचारणार?

तेव्हा आपण काय करावे? मी थोडे आकडे मांडते. हिशेबाच्या वहीवर इतकी वर्षे सही करते आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता असते. एक किलो कांड्यांत सुमारे ४,०००. शिवाय गॅसची उष्णता भांड्याला जास्त लागते, शेगडीची कमी. हे सगळे धरून एका सिलिंडरचे काम करण्यास अदमासे ६० ते ७० किलो कांड्या लागतात. आपण ६५ धरू. म्हणजे सोपा नियम असा झाला: सिलिंडरच्या भावाला ६५ ने भागावे, जे उत्तर येईल त्याहून कांडी स्वस्त मिळाली, तरच ती परवडते. समजा सिलिंडर ९१० रुपयांना आहे. भागाकार १४ येतो. मी तर १६ पासून सुरुवात करून २४ ला पोहोचले होते! म्हणजे माझे भरीत मला गॅसपेक्षा महाग पडत होते. माझ्यासाठी ती हौस झाली. मावशींना ती हौस कशी परवडावी?

दुसरा हिशेब. एका घराला महिन्याला ५० किलो, तर दहा घरांना अर्धा टन. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे २ टन. पाच किलोवाल्या गिऱ्हाइकाला जो दुकानदार दाराबाहेरून परत पाठवितो, तोच दोन टनांच्या गिऱ्हाइकाला खुर्ची देतो. एकटी बाई कारखान्यापुढे उभी राहू शकत नाही. मंडळ राहू शकते. २ टन माल ठेवण्यास लागणारी जागा आपल्या सामानाच्या खोलीच्या एका कोपऱ्यात होईल. खाली फळ्या टाकल्या आणि वर ताडपत्री घातली की झाले.

म्हणून माझी सभेला विनंती अशी आहे.

एक, दहा शेगड्या घेण्याचा ठराव या वर्षी स्थगित ठेवावा. रद्द करू नये.

दोन, कांड्या तयार करणाऱ्याकडून वर्षभराचा भाव आणि पुरवठा मंडळाच्या नावे लेखी मिळतो का, याची चौकशी दोघी-तिघींनी करावी. भाव सिलिंडरच्या ६५ व्या भागाहून कमी असेल तरच पुढे जावे. जिनिंग प्रशिक्षण केंद्रात जाऊन सल्ला घ्यावा. जाण्यास मी तयार आहे.

तीन, तोपर्यंत शिल्लक रक्कम पेटीत पडून राहू नये. ज्या दहा घरांसाठी शेगड्या घ्यावयाच्या होत्या, त्यांना येत्या पावसाळ्यात गॅसच्या टाकीसाठी मदत करावी. ओल्या लाकडाचा धूर घरात कोंडतो तो त्याच चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आपले दहा घरांचे काम लहान आहे, पण ज्या घरी खोकला थांबेल, त्या घरी ते लहान नाही.

चार, या कामाच्या समितीत मावशींसारख्या दोन बायका असाव्यात. चहा देण्यापुरत्या नव्हे, मत देण्यासाठी. गेल्या वर्षी आपण त्यांच्यासाठी ठराव केला, पण त्यांना सभेला बोलावले नव्हते. त्यांतली एकजरी इथे असती, तरी मावशींचा तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता, आणि माझे वर्ष वाचले असते. माझे साडेतीन हजारही.

शेगडीचे काय, असे आपण विचाराल. ती वाईट नाही, हे मी पुन्हा सांगते. पिंपात अजून थोड्या कांड्या आहेत. ती मी मंडळाला देऊन टाकते. हिवाळी सहलीला, हुरड्याला, भरताला ती न्यावी. बॅटरी भरून न्यावी, एवढे लक्षात ठेवा. आज फराळाच्या टेबलावर जे भरीत ठेवले आहे ते तिच्यावरच भाजलेले आहे. या वेळी कशावर भाजले ते सांगून ठेवते, कारण गेल्या खेपेस कोणी विचारले नव्हते.

आणि ते भाजले आहे मावशींनी. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. ठरावावर मत घेण्यापूर्वी अध्यक्षीणबाईंनी त्यांनाही दोन शब्द बोलू द्यावे, अशी विनंती करून मी माझी जागा घेते.